कुलूपबंद घर, कापून गेलेले शेत आणि सरासरीचा अंदाज

अपुऱ्या प्रतिसादाच्या नमुना सर्वेक्षणातून विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढावा

जानेवारी महिन्यात बीड जिल्ह्यातील एखाद्या डोंगराळ गावात शेतकरी सर्वेक्षणासाठी गेलेल्या कार्यकर्त्याला अनेक घरांना कुलूप दिसते. दारात एखादी वृद्ध आजी बसलेली असते आणि उत्तर ठरलेले असते : घरची माणसे ऊसतोडीला गेली आहेत. दिवाळीच्या सुमारास गावाबाहेर पडलेली ही कुटुंबे साखर कारखान्यांचा पट्टा पडल्याशिवाय परतत नाहीत. कार्यकर्त्याच्या हातातील यादीत मात्र त्या कुटुंबाचे नाव चिठ्ठी टाकून, रीतसर निवडलेले असते. प्रश्नावलीतील रकाना रिकामा राहतो. पुढे अहवाल तयार होताना तो रिकामा रकाना बहुधा विसरला जातो आणि जी घरे उघडी होती त्यांच्या उत्तरांची सरासरी साऱ्या तालुक्याची सरासरी म्हणून छापली जाते.

सर्वेक्षणातील सर्वांत महागडी चूक येथेच घडते. नमुना निवडताना कितीही काटेकोरपणा पाळला, तरी निवडलेल्यांपैकी काहींची माहिती मिळाली नाही आणि ते न मिळणे योगायोगाचे नसले, तर निष्कर्ष एका बाजूला झुकतो. कुलूप लागलेले घर हे उघड्या घरासारखे नसते. ज्याच्याकडे विहिरीचे पाणी आहे, रब्बीत गहू-हरभरा उभा आहे, तो शेतकरी जानेवारीत घरी भेटतो. ज्याच्या कोरडवाहू तुकड्यावर खरिपानंतर काहीच उरत नाही, तो कोयता घेऊन गाव सोडतो. घरी भेटलेल्यांचीच मते मोजली, तर पाणी असलेल्यांचे चित्र सर्वांच्या नावावर खपते.

नमुना पद्धतीचा भारतीय वारसा

शेतीच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यावरून बांधण्याची भारतातील परंपरा शंभर वर्षांची आहे. जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात बिहार व ओरिसा प्रांतात भाताच्या उत्पन्नासाठी अशा कापण्या केल्या आणि त्यांचा अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी गावच्या पिकाचा अंदाज डोळ्यांनी पाहून ‘आणेवारी’त मांडला जात असे.

या पद्धतीला देशभर शिस्त लावण्याचे मोठे श्रेय दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांकडे जाते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकले. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी त्यांनी केली. हाच विभाग पुढे दिल्लीच्या पुसा परिसरातील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यांचे सहकारी डॉ. विनायक गोविंद पानसे यांनी कापसाच्या उत्पन्नासाठी नमुना पद्धत रुजवली. या दोघांनी मिळून लिहिलेले कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

सुखात्मे यांनी आग्रहाने दाखवून दिलेली एक गोष्ट आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. अगदी लहान वर्तुळाकार तुकडे कापले, तर उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसते, कारण कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हाताने आतच ओढली जातात. असे हजारो लहान तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही. तात्पर्य असे की नमुना वाढवल्याने योगायोगाची चूक घटते, एकतर्फी चूक घटत नाही. न मिळालेल्या उत्तरांची चूक याच दुसऱ्या प्रकारची आहे.

याचा जगप्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांतील २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. ज्यांची नावे यादीत होती आणि ज्यांनी पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेतली, ते साऱ्या मतदारांसारखे नव्हते. २३ लाखांचा नमुनाही त्यामुळे फसला.

प्रत्येक कुलूप सारखे नसते

रिकाम्या रकान्याचे कारण कळल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही. हा प्रश्न केवळ खेड्याचा नाही. वाराणसीत भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. अशा शहरात ‘कुटुंबे आठवड्याला किती आणि कोणती भाजी खातात’ याची पाहणी करायची ठरवली आणि नमुन्यात पंचगंगा घाटाजवळचा मंगला गौरीचा परिसर आला, असे समजू. दाट वस्तीच्या, अरुंद गल्ल्यांच्या या भागात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या वाट्याला चार वेगवेगळी कुलुपे येऊ शकतात.

पहिले कुलूप रिकाम्या घराचे असते. तेथे कोणी राहतच नाही. ते घर यादीतून वगळणे योग्य ठरते, कारण तेथे भाजी खाणारे कुटुंबच नाही. दुसरे कुलूप कामावर गेलेल्यांचे असते. सकाळी अकराला ते घर बंद असते आणि रात्री आठला उघडे मिळते. तिसरे कुलूप दाराला नसून तोंडाला असते, कारण घरचे लोक माहिती देण्यास नकार देतात. चौथ्या प्रकारात दार एक दिसते, पण आत तीन चुली असतात. एका चुलीची माहिती लिहून बाकी दोन आपोआप गळतात. या चौघांसाठी प्रपत्रावर एकच ‘घर बंद’ असा शेरा मारला, तर पुढे कोणताही संख्याशास्त्रज्ञ त्यातून खरे चित्र उभे करू शकत नाही.

शास्त्रीय भाषेत हाच भेद डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये तीन पायऱ्यांत मांडला. प्रश्नावलीचे पान पावसात भिजून गेले, तर ते निव्वळ योगायोगाचे गळणे होय. त्याने नमुना लहान होतो, पण झुकत नाही. कोरडवाहू शेतकरी कमी भेटतात, परंतु कोण कोरडवाहू आणि कोण बागायतदार हे सर्वांविषयी नोंदवहीत आधीच माहीत आहे आणि दोन्ही गटांच्या आत भेटणे-न भेटणे योगायोगाचे आहे, तर गणिताने दुरुस्ती होऊ शकते. तिसऱ्या प्रकारात जे विचारायचे आहे त्याच्याशीच गळण्याचा संबंध असतो. कर्जाच्या पाहणीत सर्वांत जास्त कर्ज असलेलाच दार उघडत नाही. येथे केवळ कागदावरची दुरुस्ती पुरत नाही आणि पुन्हा दारात जाण्याला पर्याय राहत नाही.

पुन्हा जाण्याचे गणित

पण सगळ्याच बंद घरांकडे पुन्हा जाण्याइतका वेळ आणि पैसा कोणाकडे असतो? या अडचणीवर मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या अमेरिकी जनगणना कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये सोपा तोडगा सुचवला. न भेटलेल्या सर्वांकडे जाऊ नये. त्यांच्यातूनच चिठ्ठ्या टाकून एक छोटा उपनमुना निवडावा आणि त्या थोड्यांची माहिती मात्र काहीही करून मिळवावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्यातील सोयाबीन उत्पादकांच्या यादीतून २०० कुटुंबे निवडली. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी किती जणांनी केली, हे जाणून घ्यायचे आहे. जानेवारीत १४० कुटुंबे भेटली आणि त्यांतील ७० जणांनी ही पद्धत वापरली होती, म्हणजे ५० टक्के. उरलेली ६० कुटुंबे ऊसतोडीला गेलेली होती. या ६० मधून चिठ्ठीने २० निवडली. काहींना फडावरील कोपीवर गाठले, तर काहींना मे महिन्यात गावी परतल्यावर. त्यांतील ४ जणांनी ही पद्धत वापरल्याचे आढळले, म्हणजे २० टक्के.

आता अंदाज असा बांधायचा. भेटलेले १४० हे स्वतःचे प्रतिनिधी आहेत, म्हणून त्यांचे ७० तसेच धरायचे. उपनमुन्यातील प्रत्येक कुटुंब ६० ÷ २० म्हणजे ३ कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते, म्हणून त्यांचे ४ हे १२ होतात. एकूण ८२, भागिले २००, म्हणजे ४१ टक्के.

येथे एक सापळा आहे. १४० आणि २० ची सरळ बेरीज करून ७४ भागिले १६० असे काढले, तर ४६ टक्क्यांहून थोडे अधिक येतात. हे चूक आहे, कारण न भेटलेल्यांचे मूळ नमुन्यातील वजन ३० टक्के होते आणि या बेरजेत ते अवघे साडेबारा टक्के उरते. तिपटीचा गुणक विसरला की पुन्हा जाण्याची निम्मी मेहनत वाया जाते.

उदाहरणातील ५० आणि ४१ यांमधील ९ टक्के-बिंदूंचा फरक कोठून आला, तेही पाहण्यासारखे आहे. न भेटलेल्यांचे प्रमाण ३० टक्के आणि दोन गटांतील फरक ५० वजा २० म्हणजे ३० टक्के-बिंदू. यांचा गुणाकार बरोबर ९. म्हणून ही चूक दोनच मार्गांनी कमी होते : न भेटलेल्यांचे प्रमाण घटवून किंवा त्यांची खरी स्थिती जाणून घेऊन. नमुना २०० ऐवजी २,००० केला आणि तितक्याच प्रमाणात घरे बंद राहिली, तर योगायोगाची चूक घटते, ९ मात्र ९ च राहतात. चुकीचे उत्तर अधिक आत्मविश्वासाने दिले जाते, एवढेच.

उपनमुना लहान असल्याने अंदाज डळमळीत होईल, अशी शंका येते. वरील उदाहरणात सर्व २०० कुटुंबे भेटली असती, तर प्रमाण त्रुटी सुमारे ३.५ टक्के-बिंदू राहिली असती. उपनमुन्याच्या पद्धतीने ती सुमारे ४.१ होते. फक्त १४० वर विसंबले तर ती सुमारे ४.२ असते आणि वर ९ ची एकतर्फी चूक असते ती वेगळीच. वीस कुटुंबांच्या पुनर्भेटीची किंमत यावरून पारखावी.

कागदावरची दुरुस्ती आणि तिची मर्यादा

पुनर्भेट अशक्य असेल, तेव्हा यादीत सर्वांविषयी असलेली माहिती उपयोगी पडते. सातबाऱ्यावरील पीक पाहणीवरून त्याच २०० पैकी १०० बागायतदार आणि १०० कोरडवाहू होते, असे धरू. भेटलेल्या १४० मध्ये बागायतदार ८० आणि कोरडवाहू ६० निघाले. नवी पद्धत वापरणारे बागायतदारांत ५२, म्हणजे ६५ टक्के आणि कोरडवाहूंत १८, म्हणजे ३० टक्के आढळले. दोन्ही गटांना त्यांचे मूळचे समान वजन परत दिले की अंदाज ४७.५ टक्के येतो. ५० वरून तो योग्य दिशेने सरकला, पण ४१ पर्यंत पोहोचला नाही. कारण कोरडवाहू शेतकऱ्यांतही घरी राहिलेला आणि गाव सोडून गेलेला हे सारखे नसतात. गणिताला जेवढे सांगितले जाते तेवढेच ते जाणते.

रिकाम्या रकान्यात सरळ सरासरीचा आकडा भरण्याची सवय मात्र टाळलीच पाहिजे. त्याने सरासरी सुधारत नाही, उलट सगळे शेतकरी एकसारखे असल्याचा भास होतो आणि काढलेली प्रमाण त्रुटी खोटी लहान दिसते. शेजारच्या उघड्या घराची माहिती लिहून रकाना भरणे हे त्याहून वाईट, कारण मूळ घर भेटले नव्हते याचा पुरावाही त्यात पुसला जातो.

संशोधन प्रक्षेत्रावरील प्रयोगात एखादा वाफा जनावरांनी खाल्ला, तर फ्रँक येट्स यांच्या १९३३ च्या सूत्राने त्याचा अंदाजित आकडा काढता येतो. त्यालाही अट आहे. भरलेला आकडा ही नवी माहिती नसते, म्हणून त्रुटीच्या स्वातंत्र्यांशातून एक वजा करावा लागतो. शिवाय वाफा ज्या कारणाने गेला, ते कारण उपचाराशी निगडित नसावे. तणनाशकाच्या जास्त मात्रेनेच रोपे मेली असतील, तर तो वाफा गहाळ नव्हे. तो प्रयोगाचा निष्कर्ष आहे.

पीक कापणी प्रयोग : शून्य आणि रिकामे यांतील फरक

शेतकऱ्याच्या खिशाशी या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध पीक कापणी प्रयोगांत येतो. गावपातळीवर हे काम कृषी, महसूल आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांकडे वाटून दिलेले असते. यादृच्छिक अंकांवरून शेत निवडले जाते, त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून मोजून प्रयोगाचा तुकडा आखला जातो आणि त्यातील पीक कापून, मळून, वजन केले जाते. पीक विमा योजनेत महसूल मंडळ हे क्षेत्र असेल, तर अशा मोजक्याच प्रयोगांच्या सरासरीवर मंडळातील हजारो शेतकऱ्यांची भरपाई बऱ्याच अंशी ठरते. सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या जितके टक्के खाली, तितके टक्के विमा संरक्षित रकमेचे, असा हिशेब आहे.

पुन्हा एक काल्पनिक मंडळ घेऊ. सोयाबीनचे १० प्रयोग ठरले. ८ झाले आणि त्यांची सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आली. उरलेल्या दोन शेतांत पीक जवळजवळ गेले होते, म्हणून शेतकऱ्यांनी कापणीची वाट न पाहता त्यात जनावरे सोडली. तेथे कापणी झाली असती, तर हेक्टरी ३ क्विंटल मिळाले असते. उंबरठा उत्पन्न १२ क्विंटल असेल, तर ८ प्रयोगांवरून घट शून्य आणि भरपाईही शून्य. दहाही धरले तर सरासरी १०.२ क्विंटल आणि घट १५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असल्यास ७,५०० रुपयांचा फरक पडतो. दोन रिकाम्या रकान्यांची ही किंमत मंडळातील प्रत्येक विमाधारक मोजतो.

उलटही घडू शकते. पावसाच्या भीतीने लवकर तयार झालेली चांगली शेते आधीच कापून गेली, तर मागे उरलेल्या कमजोर शेतांवरून मंडळाचे उत्पन्न वास्तवापेक्षा कमी दिसते. चूक कोणाच्या फायद्याची, हे गौण आहे. ती चूक आहे आणि उंबरठा उत्पन्न मागील वर्षांच्या सरासरीतून काढले जात असल्याने यंदाची चूक पुढील हंगामांतही डोकावत राहते.

म्हणून प्रपत्रावर दोन गोष्टी कधीही एक होऊ देऊ नयेत. पीक होते पण बुडाले, तर तेथे शून्य किंवा अल्प उत्पन्न लिहायचे असते. पीक होते पण मोजता आले नाही, तर तेथे ‘मोजले नाही’ असे लिहून कारण नोंदवायचे असते. पर्यायी शेत घ्यायचेच झाले, तर ते सूचनापत्रातील क्रमानेच घ्यावे. रस्त्याकाठचे, ओळखीच्या शेतकऱ्याचे किंवा ‘बरे दिसणारे’ शेत घेतले की यादृच्छिकता संपली.

राष्ट्रीय पाहणीतील धडा

शेतकरी कुटुंबांच्या स्थितीविषयी राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७ वी फेरी २०१९ मध्ये झाली. तीत त्याच कुटुंबांना दोनदा भेटण्याची रचना होती. पहिल्या भेटीत ५८,०३५ कुटुंबे मिळाली, तर दुसऱ्या भेटीत ५६,८९४. म्हणजे १,१४१ कुटुंबे, सुमारे २ टक्के, गळाली. देशव्यापी कामात ही गळती अल्प आहे. ती अल्प आहे हे कळते, कारण दोन्ही आकडे जाहीर केले गेले. जिल्हा वा तालुका पातळीवरील छोट्या पाहण्यांच्या अहवालांनीही हीच शिस्त पाळावी : किती निवडले, किती भेटले आणि न भेटलेल्यांचे काय केले.

कार्यकर्त्यांनी आणि शेतकऱ्यांनी काय करावे

• पाहणीचे वेळापत्रक स्थलांतर आणि शेतीकामे पाहून ठरवावे. ऊसतोडीच्या पट्ट्यात हिवाळ्यातील एकाच भेटीवर विसंबू नये.

• प्रत्येक घराला निदान तीन वेळा, वेगवेगळ्या प्रहरी भेट द्यावी. तारीख, वेळ आणि न भेटण्याचे नेमके कारण लिहावे.

• न भेटलेल्यांविषयी जे बाहेरून कळू शकते ते नोंदवावे : क्षेत्र, सिंचन, पीक, गावातील वाडी. पुढील दुरुस्ती त्यावरच होते.

• अंदाजपत्रकातच पुनर्भेटीच्या उपनमुन्यासाठी वेळ व प्रवासखर्च राखून ठेवावा. नमुना थोडा लहान घेतला तरी चालेल.

• घरातील पुरुष भेटला नाही म्हणून रकाना सोडू नये. पेरणी, निंदणी आणि बियाणे यांची माहिती घरातील शेतकरी महिलेकडे बहुधा अधिक नेमकी असते.

• ज्यांचे शेत प्रयोगासाठी निवडले आहे त्यांनी ठरलेल्या दिवसापूर्वी कापणी करू नये. कापणी टळत नसेल, तर संबंधित कर्मचाऱ्याला आधी कळवावे. पीक बुडाले असेल, तर नांगर फिरवण्यापूर्वी पाहणीची मागणी करावी.

• इतर शेतकऱ्यांनी प्रयोगाच्या वेळी उपस्थित राहावे आणि किती प्रयोग ठरले, किती झाले हे विचारावे.

मे महिन्यात त्या डोंगराळ गावातील कुलुपे उघडतात. माणसे परततात आणि मृगाच्या आधी मशागतीला लागतात. जानेवारीत ज्यांचा रकाना रिकामा राहिला, त्यांच्यातील काहीजणांच्या ओसरीवर त्या पंधरवड्यात पुन्हा जाऊन बसणे शक्य असते. जी शिफारस कोरडवाहू शेतकऱ्यासाठी तयार होत आहे, ती त्याच्या उत्तरावर आधारलेली असावी, इतके तरी त्या पुनर्भेटीने साधते.